म्हशीची जाऊ

बाबा, तू गेलास त्याला आता इतकी वर्षं झाली की तुला पाहिलेली माणसंसुद्धा थोडीच उरली आहेत. जी आहेत ती अजून तुझ्या गोष्टी सांगून हसतात. परवा पोलादपूरच्या बाजारात आपल्या कुडपणातली एक म्हातारी भेटली. तिने मला हाताला धरून बसवलं आणि तुझी ती शिमग्याची गोष्ट मलाच ऐकवली, जशी काही मी त्या घरातली नव्हतेच. मीही हसले, कारण तुझ्या लेकीने न हसलेलं लोकांना चालत नाही. घरी आले आणि लिहायला बसले. मला लिहिता येतं हे तुला ठाऊक नसेल. माझा धाकटा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवर मीही शिकले, पण ते कधी तुझ्या कानावर घातलं नाही. घातलं असतं तर त्याचंही तू काहीतरी केलं असतंस.

तू होतासच तसा. रानडुकरं नाचणी तुडवून गेली तर बांधावर उभा राहून म्हणायचास, पाहुणे सांगून आले असते तर पानं तरी मांडली असती. कुणाच्या घरी माणूस गेलं की दहावं उरकल्यावर तुला बोलावणं यायचं. तू जाऊन ओट्यावर बसायचास, आणि थोड्या वेळाने आतून बायकांचं हसू ऐकू यायचं. पीक आलं काय, बुडालं काय, तुझ्या बोलण्यात फरक नसे. ऐंशीच्या पुढे गेलास, तोंडाचं बोळकं झालं, तरी विचारणाऱ्याला सांगायचास की दात पुढे गेलेत जागा धरायला, मी येतोय सावकाश. आम्हा पोरांवर तू कधी हात उचलला नाहीस. असा बाप मिळायला भाग्य लागतं, असं सगळे मला सांगत आले.

मला तू खाली नदीकाठच्या गावात दिलंस. आपल्याकडे नाचणी आणि वरी, त्यांच्याकडे भाताची खाचरं. पोर आता भात खाईल म्हणून तू वाडीभर सांगत सुटला होतास. भात मी रांधायची आणि वाढायची सासू. माझ्या वाटणीला बुडाशी लागलेली खरवड यायची, कधी तीही नाही. चौदा वर्षांची होते, बाबा, त्या वयात भूक कशी असते. म्हशीच्या डोणीत आंबोण घालायचं काम माझ्याकडे होतं. भिजवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. एकदा इकडेतिकडे पाहून मूठभर तोंडात घातली. मग रोजच घालू लागले.

महाडच्या चवदार तळ्याची बातमी डोंगरावर पोचली, त्याच्या पुढच्या वर्षीचा तो शिमगा. मी माहेरी आले ती परत न जायचं ठरवूनच. तू नाचणीच्या रोपासाठी राब भाजायच्या तयारीत आहेस, शेणावर फांद्या नि पालापाचोळा पसरतो आहेस, आणि मी मागून माती टाकते आहे. तिथेच मी तुला सांगितलं. आईलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, पेंडीचं कुणाकडे बोलू नको, मला लाज वाटते, पण मला तिथे परत धाडू नको. तू हातातली फांदी खाली ठेवलीस. जन्मात पहिल्यांदा तुला थट्टा सुचली नाही. मग म्हणालास, "नाय धाडणार गो तुला. मी हाय." बऱ्याच महिन्यांनी मी त्या दिवशी गाढ झोपले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सासरा आणि दीर मला न्यायला आले. अंगणात सगळी वाडी जमलेली. शिमग्याचं सोंग दरवर्षी तुझंच असायचं. तू घोंगडी पांघरून, डोक्याला दोन वाकड्या फांद्या बांधून, चार पायांवर आलास आणि थेट सासऱ्यापुढे जाऊन उभा राहिलास. मी दाराआडून पाहत होते, आणि मला अजून काहीच कळलं नव्हतं.

"पाव्हणं, न्याय करा," म्हैस म्हणाली. "तुमची सून माझ्या डोणीत जेवते. मंग मी तिची कोण? जाऊच ना?"

अंगण फुटलं हसून. सासरा तर लोळायचाच बाकी होता. डोळे पुसत म्हणाला, "व्याही, हरलो तुमच्यापुढं. पोरीला उपाशी ठेवणार नाय." झालं, तुझ्या लेखी निवाडा झाला, तोही कुणाचं मन न दुखवता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला त्यांच्याबरोबर उतरणीला लावलंस आणि पाठीवर थाप मारलीस.

किती हुशारीने निभावलंस, असं लोक म्हणतात. खरं आहे, त्यानंतर मला जेवायला मिळालं. सासू ताटात भात आपटून म्हणायची, घे, नाहीतर तुझा बाप पुन्हा रांगत यायचा. पण माझं नाव म्हशीची जाऊ पडलं ते आजतागायत. पाणवठ्यावर तेच, माझ्या मुलांच्या लग्नांत तेच. तुझ्या बाराव्याच्या पंगतीत कुणीतरी घोंगडी घेऊन तेच सोंग करून दाखवलं, आणि मी वाढत होते. मी तुला एकट्याला सांगितलं होतं, बाबा. तू ते गावजेवणासारखं वाटून टाकलंस आणि वर मला धाडलंसही. दुसऱ्या एखाद्या तापट बापाने दोन शिव्या घालून पाहुण्यांना वाटेला लावलं असतं आणि लेकीला घरात घेतलं असतं. तू माझा विश्वासघात केलास. याला दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, लिहून झाला की चुलीत जाईल. त्या दिवशी दाराआड मी रडत होते असं मी मुलांना सांगत आले आहे. रडले ते नंतर, उतरणीला. 'जाऊच ना?' म्हणून तू मान वाकडी करून सासऱ्याकडे पाहिलंस ना, अगदी सासरच्या गोठ्यातल्या म्हशीसारखं, तेव्हा मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. तू दाराकडे पाहिलंस, मी तुला हसताना दिसले, आणि तुझा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या हसण्यावरच तू मला परत धाडलंस, आणि ते हसू खोटं नव्हतं.