दाढ माझ्यासाठी राखू नकोस

आई, तुझ्या सेर्वाचा कुमासीहून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तू दिलेली शितोच्या तिखट चटणीची बरणी अजून भरलेलीच आहे, पण त्यावरून मी जेवत नाही असं समजू नकोस.

वर्षभर ऑनलाइन दंतवैद्यकी शिकून आता आम्ही दवाखान्यात उभे राहतो. वर्गात रोज भांडणं. बोआतेंग म्हणतो, "स्क्रीनच बरी. समजलं नाही तर व्हिडिओ मागे नेता येतो." एसिनाम म्हणते, "आणि उपटलेली दाढ कशी मागे नेशील रे?" परवापर्यंत मी बोआतेंगच्या बाजूची होते. ऑनलाइन परीक्षेत पहिली आले होते ना!

काल माझा पहिला पेशंट, तुझ्याच वयाच्या एक बाई. स्क्रीनवर सर समोरून दाखवायचे आणि मी आरशासारखी नक्कल करायचे. हाताला तीच सवय लागलेली. इंजेक्शन घेऊन मी भलत्याच गालाकडे गेले. बाईंनी मनगट धरलं. "पोरी, दुखतंय ते इकडे. घाबरलीस का?"

पुढचं सरांनी केलं. सगळं नीट झालं, काळजी करू नकोस. माझे हात मात्र अजून स्वस्थ बसत नाहीत. झोपतानाही डावं-उजवं करत राहतात.

धाकटा ओपोकू दुकानात मदत करतो ना? त्यानंच कळवलं, "लेक डॉक्टर होतेय, तीच काढेल," असं बाजारभर सांगत तू दुखरी दाढ राखून एकाच बाजूनं जेवतेस.

आई, उद्याच आपल्या टेचिमानच्या दवाखान्यात जा. दाढ काढलीस की फोन कर. कुणी काढली ते विचारणार नाही. फक्त कुठल्या बाजूची होती, ते सांग.

तुझीच,
सेर्वा