पोटाशी धरलेली बाटली

भोकरदन, ३ डिसेंबर १९७४

एसटीतून उतरलो तेव्हा मांडीवरच्या टोपलीतलं एकही अंडं फुटलं नव्हतं. नव्या नोकरीची सुरुवात तर झकास झाली. संशोधन केंद्र म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्या, मागची मला राहायला. अंड्यातल्या पिलाच्या काळजाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि त्या ऊर्जा कशी साठवतात ते पाहायचं, हे माझं काम. आधीपासून वाढवलेल्या पेशींची एक बाटली इथं आहे, आज सूक्ष्मदर्शकातून त्या पाहिल्या. पिलू नाही, काळीज नाही, नुसती धडधड चाललेली. फार आनंद झाला.

प्रभावती बाळंतपणाला जाफराबादला, माहेरी आहे. नंतर बाळाला घेऊन इथंच येईल. कधी एकदा पोर हातात घेतो असं झालंय.

९ डिसेंबर

वीज गेली. पेशींची पेटी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालवली, तर तीही उतरली. पेशींना अंगाइतकी ऊब लागते. अशा वेळी बाटली बनियनच्या आत पोटाशी धरून बसायचं, ही केंद्र चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरसाहेबांची युक्ती. बसलो. झाडायला आलेल्या द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, खुडूक कोंबडीवानी बसून राह्यले की साहेब, पिलं कवा निघतेत? मलाही हसू आलं.

१४ डिसेंबर

बाटली टेकते तिथली कातडी बधिर झालीये. चिमटा काढला, कळला नाही. बाटली मात्र टेबलावर ठेवली तरी गार होत नाही. डॉक्टरसाहेब खूष. म्हणाले, पेशी ऊब साठवायला लागल्या, बाटलीला थर्मामीटर लाव, पारा वहीत टिपत जा.

द्वारकाबाई आज हसल्या नाहीत. माझ्याआधी इथं धर्मराज म्हणून होते, त्यांचं बी असंच झाल्तं म्हणाल्या. उकळत्या पाण्यात हात घातला आन् त्यांना पत्ताच न्हाई. मंग घरचे येऊन घेऊन गेले.

२२ डिसेंबर

मुलगी झाल्याचा निरोप आला. आनंद झाला असं उत्तर लिहिलं. झाला नव्हता.

हात कोपरापर्यंत बधिर. बाटली विहिरीत फेकायला निघालो. काठावर उभा राहिलो. मग वाटलं, कशाला. पुन्हा बनियनमध्ये ठेवली.

११ जानेवारी

वीज असते आता. तरी बाटली पोटाशीच असते. भूक नाही. थंडी कळत नाही. भीती वाटायला हवी, एवढं समजतं.

२४ जानेवारी

प्रभाचं पत्र. सव्वा महिना झाला की येते म्हणते. येऊ नको असं लिहून ठेवलं. टपालात टाकायचं –

उद्या टाकू.

२ फेब्रुवारी

प्रभा आली. पोर माझ्या कुशीत दिली आणि चहा ठेवायला गेली. मुलगी गोरी आहे. बनियनला चिकटली आणि रडायला लागली. खूप रडली.

आता थांबली. प्रभा आतून म्हणाली, बापाजवळ कशी जल्दी निजली.

एका हातानं लिहितोय. पोरीचे ओठ निळसर – पाय धरून पाहिला. गार आहे का ते हाताला कळत नाही. बाटलीचा पारा चढतोय. इतका कधीच नव्हता.

प्रभाला हाक मारायला हवी. मारतो. आधी एवढा पारा टिपून –