कट म्हटल्यानंतरचा शॉट

४ नोव्हेंबर

लांब्याचं डोकं ठिकाणावर नाही! म्हणे सुरुवात किंकाळीने करू. पडदा काळा, मग एकदम किंकाळी, मग रक्त. रक्त कुठून आणणार, तर म्हणे सॉस. सॉस! भयपट करतोय की सँडविच? कॅमेरा चांगला धरतो म्हणून गटात घेतलाय, नाहीतर याला मी दारात उभं केलं नसतं. चष्मेवाली एडिटिंग करणार आहे. ती नेहमीप्रमाणे त्याच्याही बोलण्यावर मान हलवत होती आणि माझ्याही.

माझं ठरलंय. एक बाई स्वयंपाकघरात भांडी घासतेय, तोंड आपल्याकडे. तिच्या मागचं दार हळूहळू उघडतं. आपल्याला दिसतं, तिला नाही. मग ती वळते आणि घाबरते. बस्स. भीती आधी वाट बघण्यात असते, हे या गाढवाला कोण समजावणार?

७ नोव्हेंबर

फिल्मच्या वर्गात सरांनी नियम सांगितले. प्रत्येक गटाने फक्त सुरुवातीचा प्रसंग करायचा. सगळ्या वर्गाला तो दाखवायचा आणि प्रत्येकाने कागदावर लिहायचं — कुठे घाबरलो. ज्यांचा प्रसंग सरस, त्यांनीच पुढे पूर्ण फिल्म करायची आणि ती वार्षिक कार्यक्रमात पालकांसमोर दाखवायची.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "निवड झाली तर बघू. नाही झाली तर हे खूळ बंद. पुढच्या वर्षी मुकाट्याने अकाउंट्स."

आकडे बघून मला घेरी येते. म्हणजे आता ही निवड झालीच पाहिजे!

१० नोव्हेंबर

बाईच्या भूमिकेला आई तयार! फुकट, शिवाय घरचीच.

१४ नोव्हेंबर

शूटिंग झालं. म्हणजे झालं असं म्हणायचं.

दाराला काळा दोरा बांधला. चष्मेवाली कपाटाआड बसून ओढत होती. दार सुरेख उघडायचं, अगदी कागदावर काढलं होतं तसं. पण आई! वळली की हसायची. "अगं घाबर ना!" मी ओरडले. "कशी घाबरू? मागे ती पोर दोरा धरून बसलीये, बिचारीचे पाय आखडले असतील!" लांब्या खी खी करत होता, त्याचा कॅमेरा हलत होता. शेवटी जेमतेम बरा म्हणावा असा एक टेक मिळाला. मी कट म्हणून दोरा सोडवायला वळले, तेवढ्यात बाबा लवकर आले. दारातूनच आईला हाक, नेहमीसारखीच — "कुठे तडफडलीस?" दोघांनी पटापट सामान गुंडाळलं आणि पळाले. मला इतकी लाज वाटली! पाच मिनिटं उशिरा आले असते तर काय बिघडलं असतं?

१५ नोव्हेंबर

परक्या पोरांना स्वयंपाकघरापर्यंत आणलं म्हणून बाबा अजून धुमसतायत. आई ओट्याशी. मी पुस्तकात.

२१ नोव्हेंबर

तळपायाची आग मस्तकात गेलीये! आज वर्गाला प्रसंग दाखवला. माझं दार उघडतं, आई वळते — आणि तिथे संपायच्या ऐवजी पुढे आणखी एक शॉट, जो मी घेतलेलाच नाही! आई हात पुसत हसतेय. हसता हसता थांबते. खांदे वर जातात. नळ बंद करते, तोही चोरट्यासारखा. नजर कॅमेऱ्याच्या बाजूने पलीकडे कुठेतरी. मागे आवाज नाही, काही नाही. पडदा काळा.

मग कागद आले. सगळ्यांनी तेच लिहिलेलं — बाईचा चेहरा. माझ्या दाराबद्दल एका शहाण्याने लिहिलंय, "दोरा दिसतो." सर म्हणाले, "एवढ्या ताकदीची नटी कुठून आणलीस?"

मला न विचारता! दिग्दर्शक मी, आणि या दोघांनी परस्पर शॉट घुसडला! जिन्यात लांब्याची गचांडीच धरणार होते. म्हटलं, कट म्हटल्यावर कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं कुणी? तो खाली बघत म्हणाला, "विसरलो बंद करायला." चष्मेवाली पहिल्यांदाच मान न हलवता बोलली. "आवाज आम्ही काढून टाकलाय. तू आवाजासकट बघ एकदा."

२२ नोव्हेंबर

बघितलं. एडिटिंगच्या खोलीत, एकटीने.

बाबांचा आवाज येतो आणि आईचा चेहरा होतो तो. दिवसभर घसा फोडून मी जो मागत होते, तोच. मला नाही दिला. बाबांच्या एका हाकेला दिला.

आणि तो मला नवा नाही! हे सगळ्यात वाईट. रोज सहा-साडेसहाला तो चेहरा आमच्या घरात असतो. मी तेव्हा पुस्तक उघडून बसते. भीती कशी दाखवायची हे मी दुनियेला शिकवत फिरतेय! राग येतोय. बाबांचा येतोय, आईचा येतोय — हसत का बसलीस इतकी वर्षं? — आणि लांब्या-चष्मेवालीचाही, कारण त्यांना एका दुपारीत कळलं. टेबलावर मूठ आपटली. हात दुखतोय, बरं झालं.

२४ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, तो शॉट काढतेय. ते म्हणाले, "काढलास तर उरलं काय? दोरा? मग निवड दुसऱ्या गटाची होईल." कारण विचारलं. म्हटलं, ती नटी नाही, माझी आई आहे. म्हणाले, "कलाकाराने असं हळवं होऊन चालत नाही." मनात आलं, तुमची आई उभी करा तिथे! तोंडाने "विचार करते" म्हणाले.

निवड झाली तर फिल्म पालकांसमोर. म्हणजे बाबांसमोर. ते पहिल्या रांगेत बसणार, आणि घरी आल्यावर आईचं काय होईल? नाही झाली तर अकाउंट्स. डोकं फुटायची वेळ आलीये.

आधी आईला दाखवायला हवं. चेहरा तिचा आहे.

२५ नोव्हेंबर

दुपारी आईला दाखवलं. म्हटलं, काढून टाकते, फिल्म गेली तर गेली. ती म्हणाली, परत लाव. मग पुन्हा म्हणाली, परत लाव. मग विचारलं, "हे आले की मी अशी दिसते? रोज?"

मी हो म्हटलं.

मग म्हणाली, "काढू नकोस. आणि मामाला फोन लाव. म्हणावं, आम्ही दोघी येतोय — राहायला."