जिल्ह्यातली दुसरी तोरेल्ली

१२ जून २०२४

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची आयुष्यं नंतर रोजनिशीवरूनच कळतात.

संकल्प एकच. दसऱ्याला आमच्या देवगिरी रायडर्स क्लबची म्हैसमाळ राइड निघेल तेव्हा सगळ्यात पुढे माझी तोरेल्ली ९०० असेल. इटालियन. इम्पोर्टेड. मागे सगळे बुलेटवाले. क्लबच्या ग्रुपवर तसं जाहीरही करून टाकलं.

गाडी सध्या बंद आहे. चैत्रात फ्युएल पंप गेला. बाकी गाडी ए-वन. पुण्याला डीलर आहे, पंप मागवायचा आणि बसवायचा, एवढंच काम.

१३ जून

डीलरला फोन. कंपनीने म्हणे भारतातला धंदा मार्चमध्येच गुंडाळला. मला साधं पत्र नाही. शोरूममध्ये आता मॉड्युलर किचन विकतात. माणूस तोच, नम्रपणा तोच. म्हणाला, सर, चिमणी बसवून देऊ का, स्कीम चालू आहे. मी सांगितलं की मी तोरेल्लीचा मालक आहे. तो म्हणाला, काळजी घ्या.

१५ जून

इटलीला मेल केला. कडक भाषेत.

द्वारका म्हणते, शहागंजचा मिस्त्री देशी पंप बसवून द्यायला तयार आहे, संध्याकाळपर्यंत गाडी सुरू. बायको म्हणून ती चांगली आहे, पण मशीनमधलं तिला कळत नाही. तोरेल्लीला देशी पंप लावणारा माणूस उद्या तिला रिक्षाचा हॉर्नही लावेल.

तिनेच मला स्कूटीवर ऑफिसला सोडलं. हेल्मेट मी तोरेल्लीचंच घालतो. सिग्नलला लोक वळून बघतात.

२ जुलै

इटलीहून उत्तर नाही. विकताना पायघड्या, आणि नंतर गिऱ्हाईक मेलं का जगलं कोणी विचारत नाही. इतका निर्ढावलेपणा माणसात येतो कुठून?

सोयगावच्या आप्पासाहेबांचा पुन्हा फोन. आमच्या कंपनीचा मका त्यांच्या रानात उगवला नाही म्हणे. म्हणत होते, साहेब, येऊन बघा तरी एकदा, वापसा निघून चाललाय, रानातली वल उडायच्या आत दुबार पेरायचं का नाय तेवढं सांगा. मी म्हटलं, कंपनीला मेल करा. ते म्हणाले, मेल कुठं करायचा आसतो? लोकांना सिस्टिम म्हणून काही कळत नाही. मी सीड्स कंपनीचा एरिया मॅनेजर, मी काय रानात जाऊन कोंब ओढायचे?

५ जुलै, रात्री

मोठा दिवस.

यंदा माझ्याकडे लासूर स्टेशनचा भाग आलाय. तिथलं पहिलंच दुकान, कृषी सेवा केंद्र, मालक मल्हारराव. वडील मेंढरं राखायचे, हे आता खताचे होलसेलर. गोडाऊनमध्ये युरियाच्या थप्पीमागे ताडपत्रीखाली काहीतरी लाल दिसलं. तोरेल्ली ९००. आख्ख्या जिल्ह्यात माझी एकट्याचीच आहे असं मी तीन वर्षं सांगत आलोय.

माझ्याकडेही हीच आहे म्हटलं आणि सहज विचारलं, पंप कसा आहे. म्हणाले, पंप एकदम बेस. मग त्यांनी विचारलं, भाऊ, तुमच्या गाडीचं ईसीयू कसं हाय? ईसीयू म्हणजे गाडीचा मेंदू. मी म्हटलं, उत्तम. त्यांना फार आनंद झाला. दुसऱ्याच्या गाडीच्या तब्येतीची इतक्या आपुलकीनं चौकशी करणारा माणूस आजकाल भेटत नाही. सुरू करून दाखवा म्हटलं तर म्हणाले, आज आमुशा हाय भाऊ, नको.

माझी बंद आहे हे बोललो नाही. पहिल्याच भेटीत घरगुती गोष्टी कशाला.

२० जुलै

मल्हाररावांशी मैत्री वाढते आहे. निव्वळ माणूस म्हणून. आज त्यांना सुचवलं की कन्नडचा घाट एकदा तरी भर पावसात चालवावा, धुकं असताना, जमल्यास अंधार पडताना. दरडी कोसळतात तेही बघण्यासारखं असतं. ते म्हणाले, आधी तुमी जाऊन या भाऊ, मंग सांगा कसं वाटतं ते. मोठेपणा कायम दुसऱ्याला देणारा माणूस.

घरी सांगितलं तर द्वारका म्हणाली, तुम्हाला त्यांचा पंप हवाय ना. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला ओळखलंच नाही. माझं म्हणणं एवढंच की उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं, देव न करो, तर गाडी भंगारात जायला नको. कुणीतरी जबाबदारी घेतली पाहिजे.

११ ऑगस्ट

मल्हारराव घरी जेवायला. ताट वाढेपर्यंत अंगणात माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. मोबाइलची बॅटरी लावून सीटखाली बघत होते. म्हणाले, लई जपली भाऊ, एक नट हलला नाय. माझे डोळे भरून आले. इतकं कौतुक मला घरात कधी मिळालं नाही.

जाताना म्हणाले, पुनवेला हायवेवर लाइट बंद करून चालवून बघा, चांदण्यात लई मजा येती. कवी मनाचा माणूस आहे.

२ सप्टेंबर, पोळा

मल्हाररावांच्या छातीत दुखलं. शहरातल्या दवाखान्यात आहेत. डाळिंबं घेऊन गेलो. त्यांना समजावलं की माणसानं वस्तूंचा मोह वेळीच सोडावा, हातानं देऊन मोकळं व्हावं, विशेषतः जड वस्तूंचा. ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग म्हणाले, भाऊ, तुमचा पन चेहरा उतरल्यावानी दिसतो, तपासून घ्या एकदा. नळ्या लावलेल्या अवस्थेत दुसऱ्याची काळजी.

खालीच बीपी तपासून घेतला. नॉर्मल.

२१ सप्टेंबर, सकाळी

मल्हारराव गेले. पहाटे, घरी, झोपेत. गाडीला ओरखडासुद्धा नाही. देव आहे.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी

लासूरला जाऊन आलो. अंगणात माणसांची दाटी, गोडाऊन उघडं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून आत गेलो, ताडपत्री बाजूला केली आणि टाकीवर डोकं टेकवून सीटच्या फटीतून पंपाचा पाइप बघू लागलो. गळती आहे का एवढंच बघायचं होतं. तेवढ्यात मागे पावलं वाजली. आता हलणं बरं दिसलं नसतं. तसाच राहिलो आणि रडलो. थोडं खरंही रडू आलं, पाइप इतका स्वच्छ होता.

मागे राजाबाई वहिनी, मल्हाररावांच्या मंडळी. बायकांना बोलावून म्हणाल्या, समदे मढ्यापाशी रडायले, ह्या एका मानसाला कळलं त्यांचा जीव कशात व्हता. सगळ्या माझ्याकडे बघून रडू लागल्या. मीही थांबलो नाही. संबंध चांगले राहिलेले बरे.

२५ सप्टेंबर

प्लॅन पक्का. दहावा झाला की त्यांच्या धाकट्या भावाशी, मुंजाबाशी, बोलायचं. आधी फक्त पंप. बाकीचं सवडीनं. पान्यांना तेल दिलं. ग्रुपवर टाकलं की दसऱ्याचं नक्की.

३० सप्टेंबर

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

कायगाव टोक्याला गोदावरीच्या घाटावर दहावा. पिंड ठेवला, सगळे मागे सरकलो. कावळा शिवेना. याला कारण आहे. पितृपक्ष चालू आहे, घरोघरी कावळ्यांसाठी वाड्या ठेवलेल्या, त्यांची पोटं भरलेली. पण हे सांगायची ती जागा नव्हती.

मुंजाबानं हात जोडले. म्हणाला, आण्णा, दुकान बघतो. कावळा नाही. म्हणाला, वहिनीला अंतर देत नाय. नाही. म्हणाला, जमीन वाटू देत नाय. एक कावळा खाली उतरला आणि शेजारच्यांचा पिंड खाऊन गेला. ऊन वाढलं. जेवणं अडून राहिलेली, म्हातारी माणसं वैतागलेली. मी गुरुजींना म्हटलं, दर्भाचा कावळा करून लावा आणि उरका. गुरुजी म्हणाले, थांबा जरा.

तेव्हा राजाबाई वहिनी म्हणाल्या, त्यांचा जीव गाडीत गुतला. आणि बोट माझ्याकडे केलं. म्हणाल्या, ह्या भाऊला कळंल काय राहिलं ते.

लोकांनी मला पुढे केलं. मी मोठ्या आवाजात म्हटलं, मल्हारराव, काळजी सोडा, गाडी मी माझ्या घरी नेऊन पोटच्या पोरासारखी सांभाळतो. काठावर बसलेले होते नव्हते तेवढे कावळे उडून पलीकडच्या लिंबावर गेले.

मुंजाबा माझ्या कानाशी आला. म्हणाला, बद्रीभाऊ, गाडी तर शिमग्यापसून बंद हाय. ईसीयू जळालं. आण्णा रोज म्हनायचे, जिल्ह्यात एकच ईसीयू हाय, बद्रीभाऊपशी, त्या मानसाचं काई झालं की आधी पिकअप घिऊन जा.

म्हणजे जुलैपासून हा माणूस मैत्रीच्या नावाखाली माझ्या मरणावर टपून होता. माझ्या घरी जेवून माझ्या सीटखाली बघत होता. मला लाइट बंद करून हायवेवर पाठवत होता. इतका नीच माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आणि अशा माणसासाठी मी डाळिंबं नेली.

मुंजाबानं तेच आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, फक्त पिकअपचं सोडून. मागून कुणीतरी म्हणालं, मंग द्या की शब्द, बघता काय. कुणी म्हणालं, दोस्ती दोस्ती म्हनता अन् डबीएवढी वस्तू देता येत नाय व्हय? वहिनींनी पदर पसरला. एकजण मोबाइलवर शूटिंग घेत होता.

मी म्हटलं, देतो. अगदी हळू म्हटलं. गुरुजी म्हणाले, स्पष्ट बोला, त्यांना ऐकू गेलं पाहिजे. मी म्हटलं, माझ्या गाडीचं ईसीयू मल्हाररावांच्या गाडीला देतो.

लिंबावरचे सगळे एकदम आले. पिंडाचं शीतही उरलं नाही.

१ ऑक्टोबर

कावळ्याला दिलेला शब्द कायद्यानं बंधनकारक नसतो. खात्री करायला वकील मित्राला फोन केला. त्यानं व्हिडिओ आधीच पाहिला होता. म्हणाला, बद्रीनाथ, तुला ओळखायला मी चुकलो रे. कौतुकानं तो चार ग्रुपवर पाठवलाही होता. मग मला विचारता येईना.

नवा प्लॅन: गाडी टेम्पोत घालून गावाकडे कन्नडला हलवायची आणि चोरीला गेली म्हणायचं. उद्या दुपारी.

२ ऑक्टोबर

मुंजाबा सकाळीच आला. सोबत शहागंजचा मिस्त्री. मी गच्चीवर गेलो आणि घरी नसल्यासारखा बसलो. द्वारकानं गेट उघडलं, किल्ली दिली, चहा टाकला आणि वर तोंड करून सांगितलं की तुमच्यासाठी पण केलाय.

खाली जावं लागलं. मी मुंजाबाला म्हटलं, ईसीयू न्या, पण मग तुमचा पंप मला द्या. तो म्हणाला, भाऊ, पंप काढला तर आण्णाची गाडी पुन्हा बंद, मंग आण्णाला काय सांगू? मिस्त्री म्हणाला, सही बात है. चहा गार व्हायच्या आत त्यानं ईसीयू काढलं.

द्वारकानं विचारलं, सीटवर कुंड्या ठेवल्या तर चालतील का. तिनं तुळस आणि दोन शेवंत्या ठेवल्या.

७ ऑक्टोबर

इटलीहून मेल. दिलगिरी व्यक्त केली आहे. पंप पाठवतात, फुकट, फक्त ईसीयूवरचा नंबर कळवा. मी म्हणतच होतो की युरोपातली माणसं शब्दाला पक्की असतात.

नंबरासाठी मुंजाबाला फोन केला. तो म्हणाला, मागवा मागवा, आण्णाच्या गाडीला एक जादाचा आसलेला बरा. पत्ता लासूरचाच द्या.

दिला. कारण तो फोन स्पीकरवर होता आणि वहिनी शेजारी बसून माझं कल्याण चिंतत होत्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

राइड झाली. सगळ्यात पुढे तोरेल्ली ९०० होती, बुलेटवाले मागे. म्हणजे काटेकोर पाहिलं तर संकल्प पुरा झाला. चालवत मुंजाबा होता. मी मागच्या सीटवर. व्हिडिओ पाहून क्लबनंच त्याला बोलावलं होतं. मला हार घातला, अध्यक्ष मैत्रीवर बोलले. आवाज भारी येत होता, माझंच ईसीयू. पेट्रोलही मीच टाकलं.

म्हैसमाळला पोचल्यावर मुंजाबा गाडीभोवती फिरला आणि मागच्या टायरवर हात फिरवला. म्हणाला, भाऊ, लई घासलं हे, आण्णाला घोर लागला आसंल. उद्या ऐतवार हाय, मी मोकळाच हाय, तुमच्याकडचे दोन्ही घिऊन जातो. क्लबची सगळी माणसं भोवती उभी होती, कौतुकानं, मोबाइल समोर धरून.

मी म्हटलं, सकाळी या. पाना आणू नका, माझ्याकडे आहे.