आमच्या दारातला थांबा

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण, आमच्या गल्लीतून लाइट रेल न्यायचं घाटतंय, आणि उद्या कोणी विचारलं की या सगळ्यात पेंटर काय करत होता, तर लेखी पुरावा असावा. दुसरं कारण, मनातलं बोलायला घरात कोणी नाही. हिला जे बोलायचं ते ही समोर बोलते. समोर म्हणजे माझ्या साडूकडे. हिची थोरली बहीण तिथे दिलेली. गल्ली एवढी अरुंद, की दोघी आपापल्या लाकडी गॅलरीत उभ्या राहून दिवसभर बोलू शकतात, आणि बोलतात. दोन गॅलऱ्यांमध्ये कप्पीवर एक दोरी आहे. तिच्यावर दोन्ही घरांचे कपडे वाळतात. माझा बनियन सरकत सरकत साडूच्या दारापर्यंत जातो. मला हे कधीच आवडलेलं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प: साडूचा विचार करायचा नाही.
मोजणीवाले आले. तिपाई कोणाच्या दारात लावली? साडूच्या. मोजणीच्या बाईंच्या डोळ्यात कचरा गेला, तो काढायला पाणी कोणी दिलं? साडूनं. चष्म्याचं दुकान आहे म्हणून काय डोळ्यांचा डॉक्टर झाला? या गल्लीतल्या झाडून सगळ्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. साडूच्या दुकानाचीसुद्धा. माझ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
संकल्प मोडलेला नाही. वरचं सगळं मोजणीबद्दल आहे.

९ फेब्रुवारी
न्हावी म्हणाला, रेल्वेचा थांबा चष्मेवाल्याच्या दारात येणार, पक्की खबर आहे. नाव काय देणार विचारलं, तर म्हणे अजून काय, चष्मेवाल्याचा थांबा. म्हणजे गाडीत रोज शंभरदा घोषणा होणार. पुढील थांबा, चष्मेवाला. अर्धी दाढी झाली होती. तसाच उठून आलो. अंगाचा नुसता तिळपापड.
हिला सांगितलं तर ही म्हणाली, बरं होईल की, ताईला लांब चालत जावं लागणार नाही. वर म्हणाली, दाढी अर्धीच झालीय, हे तरी दिसतंय का तुम्हाला? ताईच्या यजमानांकडून नंबर काढून घ्या.
मला सगळं दिसतं. परवा दवाखान्याच्या पाटीवर ‘दुपारी बंद’ ऐवजी ‘दुपारी बंब’ झालं, ते ब्रशमुळे. जगातल्या कोणाकडूनही चष्मा घेईन, साडूकडून नाही.

१३ फेब्रुवारी
आनंद! आनंद!
टर्पेंटाइन आणायला गेलो होतो. परत येतो तर माझ्या गॅलरीच्या खाली, भिंतीवर, जाड खडूनं एवढं मोठं लिहिलेलं: थांबा.
आमचं घर गल्लीच्या तोंडाशी पहिलं. इथेच यायला हवा होता, आणि आला. सरकारात अजून डोकी शिल्लक आहेत म्हणायची. अक्षर ठीक, काना जरा लांब. खाली बारीक काहीतरी खरडलंय. जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं, लागलं नाही. नंबरबिंबर असेल.
साडूचा काही भरवसा नाही. ओल्या फडक्यानं पुसूनही टाकेल. म्हणून त्या अक्षरांवरच माझा नमुन्याचा बोर्ड टांगला: सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील. आता काय ते मला माहीत आणि सरकारला माहीत.

१५ फेब्रुवारी
साडूनं समिती काढली. गॅलरी बचाव. झालंय असं, की गाडी जायला गल्लीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड हात कमी पडतात, म्हणून सगळ्या अठरा गॅलऱ्या उतरवायच्या का, असा विचार चाललाय. साडू घरोघर सांगत सुटलाय, की हे शंभर वर्षांचं सुतारकाम आहे, एकदा गेलं की गेलं. माझ्याकडेही सहीला आला. म्हणाला, पेंटर, सगळ्यांच्या झाल्या, तुमचीच राहिलीय.
मी म्हणालो, बघतो.
मनात हसलो. थांबा आपल्या हातून गेला हे याला कुठूनतरी कळलंय. म्हणून हा खोडा. माणसानं एवढं जळू नये.

१७ फेब्रुवारी
पेपरात साडूचा फोटो. आपल्या गॅलरीखाली, हाताची घडी, चेहऱ्यावर उगाच गंभीरपणा. कडेला एक कोपर आलंय. ते माझं आहे.
ही फोटो कापून ठेवते आहे. कोपरासाठी का, विचारलं. हिची कात्री कोपराच्या अलीकडूनच फिरली.

१९ फेब्रुवारी
खूप विचार केला. समितीमुळे सरकार बिचकलं, तर रेल्वे दुसरीकडे जाईल आणि माझा थांबाही. पण एकानं जरी पुढे होऊन आपली गॅलरी स्वतःहून उतरवली, तर सरकार म्हणेल, वा, इथे सहकार्य करणारी माणसं आहेत. त्या माणसाच्या दारातला थांबा मग कोण हलवतंय?
हिच्या कानावर घातलं. ही म्हणाली, गॅलरीला हात लावून तर बघा.
बघायचं ठरवलंय.

२२ फेब्रुवारी
दोघी बहिणी कालच मावशीला बघायला परगावी गेल्या. उद्या संध्याकाळी येतील. सकाळी सुताराला बोलावलं. तो दोनदा म्हणाला, पेंटर, नक्की का? लाकूड ठणठणीत आहे, अजून तुमच्या नातवंडांना पुरेल. मी म्हणालो, तू तुझं काम कर.
पहिला खांब निघाला तेवढ्यात साडू दुकानातून धावत आला. हातात कोणाचातरी अर्धा चष्मा. थांबा, थांबा, म्हणून ओरडत होता.
म्हणजे त्यालाही कळलं होतं तर! सगळ्या गल्लीसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी हात जोडून म्हणालो, हो साडूभाऊ, थांबाच. इथेच.
तो अर्धा चष्मा घेऊन परत दुकानात गेला.
दुपारपर्यंत काम झालं. दोरी खाली आली. कप्पी साडूच्या बाजूला लोंबते आहे.

२३ फेब्रुवारी
ही आली. पिशवी ठेवली, वर गेली, गॅलरीचं दार उघडलं. पुढे काहीच नाही. मग दार लावून घेतलं आणि खाली आली.
मी सगळं समजावून सांगितलं. थांबा, सहकार्य, घोषणा. ही भाजी निवडत होती. निवडतच राहिली.
संकल्प: हिचा राग दोन दिवसांत जाईल, तोवर धीर धरायचा.

२७ फेब्रुवारी
दाराला आडवी फळी ठोकली, चुकून कोणी पाय टाकायला नको. कपडे खुर्चीवर वाळतात. वाळत नाहीत खरं तर.
ही स्वयंपाक उरकते आणि समोर जाते. ताईच्या गॅलरीत दोघी बसतात. पूर्वी बोलायला आवाज चढवावा लागायचा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. आता शेजारी शेजारी बसून हळू बोलतात. मधूनच हसतात. माझ्यावर नसावं.
साडू त्यांना तिथे चहा नेऊन देतो. मी स्वतः बघितलं. माझ्या बायकोला चहा! हिनं कप घेतला आणि काहीतरी बोलली. माझ्याशी चार दिवसांत एवढंसुद्धा बोललेली नाही. खाली शिडीवर उभा राहून दवाखान्याचं ‘दुपारी बंब’ दुरुस्त करत होतो, लक्ष वरच राहिलं. आता ‘दुपारी बंड’ झालंय.

११ मार्च
निकाल लागला. रेल्वे गल्लीतून जाणार नाही. जुन्या गॅलऱ्या बघता गल्ली आहे तशी जपायची, असं ठरलं. गाडी मागच्या रस्त्यानं जाईल. थांबाही तिथेच.
बरोबर साडूच्या मागच्या दाराशी. त्याला मागचं दार आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.
मग माझ्या भिंतीवरच्या थांब्याचं काय? उद्या ऑफिसात जाऊन खडसावून विचारणार.

१२ मार्च
गेलो नाही. पाऊल उचललं नाही.

१७ मार्च
मोजणीच्या बाई स्वतः माझ्याकडे आल्या. गल्लीच्या तोंडाशी माहितीचा फलक लावायचाय, हातानं रंगवलेला, जुन्या पद्धतीचा. सगळ्यांनी माझं नाव सुचवलं. पहिलं कोणी? साडूनं. एवढा मानभावीपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.
मजकूर हातात दिला. बारीक अक्षरात पंधरा ओळी. कागद जवळ धरला, लांब धरला. बाई म्हणाल्या, काका, चष्मा विसरलात का? मी हो म्हणालो.

१८ मार्च
साडूकडे गेलो. केवळ कामासाठी.
त्यानं लगेच खुर्ची पुढे केली. नंबर काढला, काचा बसवल्या, काड्या वाकवून कानाला लागत नाहीत ना बघितलं. एखादा टोमणा मारला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. ती संधीसुद्धा दिली नाही त्यानं.
परत आलो. फलकासाठी जागा हवी म्हणून भिंतीवरचा नमुन्याचा बोर्ड उतरवला. खडू जसाच्या तसा होता. पावसापाण्यापासून मीच जपलेला. ‘थांबा’च्या खालची बारीक ओळ आज स्वच्छ दिसली: निर्णय होईपर्यंत कोणतीही गॅलरी काढू नये.
बोर्ड परत टांगला. मग पुन्हा उतरवला. आता कोणापासून लपवायचं?
दारातच कामाला बसलो. पहिलीच ओळ: या गल्लीतील सतरा जुन्या गॅलऱ्या जतन करण्यात आल्या आहेत. मूळ कागदावर अठरा होते. बाईंनी खोडून वर सतरा केलेत. मी सतरा रंगवलं. लाल रंगात, सावकाश.
तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून हिचा आवाज आला. हाकच मारली म्हणायची. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. धावत रस्त्याच्या मधोमध गेलो. वर बघितलं. चष्म्यामुळे चेहरा अगदी नीट दिसत होता.
म्हणाली, सतरामधला ‘स’ वाकडा आलाय.
परत जाऊन बघितलं. वाकडाच होता.