सोबतीला आलेला ताप

१ डिसेंबर २०२५, देवळाली प्रवरा
पोचले एकदाची! अमरावतीहून नगरपर्यंत बस, पुढे आमच्या प्रकल्पाची जीप. ड्रायव्हर गोरक्षनाथभाऊ वाटभर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांशी भांडत होते आणि मधेच मला ढाब्यावरची भेळ घ्यायला लावत होते. खोली वरच्या मजल्यावर, गच्चीसकट माझी. मालक पुण्याला असतात. फोनवर म्हणाले, बहीण रोहिणी थोड्या दिवसांत खाली राहायला येईल, तुम्हाला सोबत होईल. काम अगदी मनासारखं आहे. तापाच्या रुग्णांच्या नाकातला नमुना घ्यायचा, त्यातल्या फ्लूच्या विषाणूची जनुकं वाचायची. यंत्र तळहाताएवढं. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, धनू, एवढ्याशा डबीसाठी एवढ्या लांब गेलीस?

४ डिसेंबर
गोरक्षनाथभाऊंना आज काम समजावलं. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जात राहतो, तशी त्याच्या जनुकांतली अक्षरं कुठे कुठे बदलतात. ते बदल ताडून पाहून वंशावळीसारखं झाड काढायचं, की कुणाचा ताप कुणाकडून आला ते दिसतं. भाऊ म्हणाले, म्हंजी तापाची सोयरीकच काढताय की ताई!
भाऊ संध्याकाळी निघून गेले की मग बोलायला कुणी नाही. गच्चीवर उभी राहते. कारखान्याच्या मळीचा वास येतो. समोरच्या घरात टीव्ही लागतो, भांडी वाजतात. आज उगाचच दुकानात जाऊन काडेपेटी आणली, कुणाशी तरी दोन शब्द व्हावेत म्हणून.

९ डिसेंबर
ऊसतोड टोळीच्या तळावर गेलो. माणसं पाथर्डीकडची, सगळी उसाच्या फडात तोडणीला गेलेली. पाचटानं शाकारलेल्या एका कोपीत बनुबाई नावाची म्हातारी तापानं फणफणलेली. दिवसभर एकट्याच असता का, असं विचारलं तर हसली.
“एकटी कुठं? ती बाई येती ना दुपारची. डोकं दाबती. पर हात लई गरम हाय तिचा.”
कोण बाई?
“नाव न्हाई ठावं. पैल्यांदा आली तवा इचारलं, घरात कोन असतं? म्या म्हनलं, कुनी न्हाई. मंग बसली.”
टोळीतली असेल कुणी.

१५ डिसेंबर
आणखी दोन रुग्ण. छगन, मळ्यातल्या विहिरीवर एकटा राहणारा राखणदार. आणि मुक्ताबाई, निवृत्त शिक्षिका, मुलगी परदेशात. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, टोळीशी संबंध नाही. पण दोघांकडेही दुपारची एक बाई येऊन बसते. मुक्ताबाईंना ती आपल्या धाकट्या बहिणीसारखी वाटली. फार बरं वाटलं म्हणाल्या, किती दिवसांनी कुणीतरी विचारपूस केली.
परतताना तळावरून आलो. बनुबाई सकाळीच गेली.

१८ डिसेंबर
झाड काढलं. असं झाड मी पाहिलेलं नाही. एरवी एका रुग्णातून दुसरा, त्यातून तिसरा, अशा फांदीला फांद्या फुटतात. इथे एकच खोड आणि तिन्ही रुग्ण थेट खोडावर. म्हणजे तिघांनाही ताप एकाच माणसाकडून आला.
शिवाय विषाणूचा हा प्रकार आज जगात कुठे फिरतच नाही. सगळ्यात जवळचा जुळतो तो कित्येक वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. नगरच्या वरिष्ठांचं म्हणणं, नमुन्यांत भेसळ झाली असणार. पुन्हा केलं. तेच आलं.
विषाणूला एकट्यानं जगता येत नाही. त्याला कुणाचं तरी अंग लागतंच. मग इतकी वर्षं हा कुणाच्या —

२० डिसेंबर
तळावर, मळ्याच्या आसपास, मुक्ताबाईंच्या शेजारी, सगळीकडे विचारलं. अशी बाई कुणीही पाहिलेली नाही. छगन काल गेला.

२२ डिसेंबर
मला ताप. मास्क, हातमोजे, सगळं पाळलं होतं. भाऊंना यायची मनाई केली. नमुना घेऊन यंत्राला लावला.
दुपारी रोहिणीताई आल्या. दार ढकलून थेट उशाशी बसल्या, कपाळावर हात ठेवला. लांब बसा म्हटलं, ऐकलं नाही. इथे आल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. रडू आलं.

२४ डिसेंबर
मालकांचा फोन. रोहिणीचं येणं रद्द झालंय, सांगायचं राहून गेलं म्हणाले. खालच्या घराला कुलूपच आहे.
आत आल्या आल्या तिनं काय विचारलं होतं ते आता आठवतंय. आणि मी म्हणाले होते, कुणी नाही, मी एकटीच.
माझा नमुना वाचून झाला. मीही थेट खोडावर.
कडी लावली. लावताना हात घुटमळला, हे लिहायला लाज वाटते —

२५
कडी तशीच आहे. ती आत आहे.
मुक्ताबाईही गेल्या, असा भाऊंचा निरोप. ते जीप घेऊन निघालेत. नको म्हणायला फोन उचलवत नाही —

दुपार
खाली भाऊंच्या हाका. “ताई! ओ ताई! दवाखान्यात जायचं, उठा!” खाली पोचेल एवढा आवाज माझ्याकडून निघत नाही.
ती खिडकीशी गेली. वाकून खाली पाहिलं. मग मला विचारलं, ह्याच्या घरात कोण असतं?
सांगितलं, भरलं घर आहे. बायको, मुलगे, सुना, नातवंडं. टेकायला जागा नाही.
खोटं सांगितलं. भाऊंची बायको वारली, ते एकटेच — तिला कळता कामा नये —
माझ्या मागे आली आहे. खांद्यावरून वाकून वाच