माझा आवाज वाटणीत नाही

मी, मुकुल लक्ष्मीकांत फणसळकर, वय चव्वेचाळीस, व्यवसाय जाहिरात व ध्वनिमुद्रण, राहणार सुदामा नगर, इंदूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. राग मात्र उतरलेला नाही. पण तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे आमच्या वकील पद्मजाताई सांगतात.

जन्मदाखल्यावर मी मुलगी होतो आणि माझे नाव वेगळे होते. नाव व लिंग दोन्ही मी कायदेशीर बदलून घेतले आहे. जुने नाव इथे लिहीत नाही.

१. सुदामा नगरचा फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. माझी आई, श्रीमती इंदिरा, हयात असेपर्यंत त्यात राहील. तिला कोणी उठवू नये. तिच्यानंतर तो ‘खुली बैठक’ या आमच्या संस्थेचा. दर रविवारी पुढच्या खोलीत माझ्यासारखी माणसे जमतात, पोस्टर करायला आणि माइकसमोर बोलायला शिकतात, नोकरीच्या मुलाखतीची तालीम करतात. काही जण बेटम्याहून बसने येतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘इथे काय काय लोक येतात’ अशी तक्रार केली होती. आता कायमचे येतील.

२. माइक, मिक्सर, हेडफोन आणि कॉम्प्युटर देवयानीला. बैठक आम्ही दोघांनी सुरू केली. तिला मुलगा समजून घरच्यांनी हाकलले, मला मुलगी समजून बाबांनी कोंडले, म्हणून आमचे जमले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. जाहिरात एजन्सीचे मालक अरविंदजी यांना माझ्या सगळ्या ट्रॉफ्या आणि शाली परत. हमाली त्यांनी द्यावी.

मी कॉलेजात असताना त्यांनी एका पापडवाल्याच्या जाहिरातीसाठी माझा आवाज घेतला. भूमिका घरातल्या लाडक्या लेकीची. ती जाहिरात माळव्यात घरोघरी पोचली आणि मी एजन्सीतच चिकटलो. जाहिराती लिहिल्या, छोट्या दुकानदारांचे ब्रँड उभे केले, क्रिएटिव्ह हेड झालो. मग हार्मोनचे उपचार सुरू केले आणि आवाज फुटला. तेव्हा अरविंदजी इंदुरी थाटात म्हणाले, “भिया, आवाज तो गया. पण तुझी स्टोरी विकेल.”

विकली. माझा फोटो पापडाच्या पाकिटावर आला, खाली ‘हिम्मत की पहचान’. दरवर्षी मंचावर शाल, श्रीफळ, काचेची ट्रॉफी. ऑफिसात मात्र मला टॉयलेटची चावी वेगळी, स्टोअररूमच्या मागची.

गेल्या दिवाळीत टीव्हीवर त्याच पापडाची नवी जाहिरात लागली. ओळी नव्या, आणि बोलणारी माझी ती जुनी लेक! माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने तो आवाज पुन्हा तयार केला होता. मी जाब विचारायला गेलो. अरविंदजी चहा फुंकत म्हणाले, “अरे, ती मुलगी तर आता नाहीच ना! मग परमिशन कोणाची घेऊ?”

ज्याने मला मंचावर मिरवले त्यानेच मला मयत ठरवले. त्या चहाचा वास अजून नाकात आहे. मी राजीनामा दिला. पद्मजाताईंनी नोटीस पाठवली आहे. उत्तर यायचे आहे.

४. धाकटा भाऊ समीर, राहणार पुणे, यास काहीही नाही. कारण लिहितो.

जानेवारीत आईचा वाढदिवस झाला. समीर आला, सगळ्यांसमोर त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि बटण दाबले. माझा जुना आवाज बोलू लागला. आधी माझे जुने नाव सांगितले, मग म्हणाला, “आई, तुला खूप खूप शुभेच्छा. मी कायम तुझ्याजवळच आहे.” मी तिच्याशेजारी श्रीखंडाची वाटी घेऊन बसलो होतो. समीरने अरविंदजींकडून हे खास करवून घेतले होते.

“सरप्राइज आहे रे,” तो म्हणाला. “तिला तिची पोर परत मिळाली. तुझं काय जातंय?”

आई मोबाइलकडे बघत म्हणाली, “परत लाव.”

मी उठलो आणि बेसिनवर ओकलो.

देवयानीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “भिया, जिवंतपणी ही तऱ्हा. मेल्यावर तुझं भूत पण पापड विकेल, लिहून घे.” म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

५. माझा आवाज, जुना किंवा आताचा, कोणाच्याही वाटणीत येत नाही. माझ्या मागे यंत्राकडून माझ्या आवाजात एक शब्दही बोलवून घेऊ नये. विक्रीसाठी नाही, श्रद्धांजलीसाठी नाही, आईच्या समाधानासाठीही नाही.

हे शेवटचे आईला न सांगता लिहवेना. म्हणून कलम आईला वाचून दाखवले.

“लिही,” ती म्हणाली. “तो तू नाहीस हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. इतकं गोड तू जन्मात कधी बोललायस माझ्याशी?”

“मग परत का लावायला सांगितलंस?”

“गोड होतं म्हणून.” ती म्हणाली. “मग तू ओकतोयस ते ऐकू आलं.”

तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. पद्मजाताई म्हणाल्या, “आई, घरात राहायचा हक्क तुम्हालाच मिळतोय. उगाच वाद नको, साक्षीदार बाहेरचे घेऊ. तुम्ही हवं तर खाली वेगळं लिहा.”

६. माझ्या देहाला शर्ट-पँट घालावी. निधनाच्या बातमीत मुकुल एवढेच नाव असावे. समीरला यायचे असल्यास यावे; मोबाइल गाडीत ठेवावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

मुकुल लक्ष्मीकांत फणसळकर
इंदूर, ८ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार: १. शोभना पाठक, शेजारी. २. ऋग्वेद केळकर, शिक्षक.

(आईच्या हस्ताक्षरात)
वरचे सगळे मी ऐकले. मुकुल माझा थोरला मुलगा आहे. ते मोबाइलमधले पुसून टाक, असे मी समीरला सांगितले होते. तो हो म्हणाला. अजून पुसलेले नाही.
इंदिरा फणसळकर